मीरा कोसंबींचं एकच पुस्तक घ्यायचंय, कुठलं घेऊ? (बजेट ६००)

जोडभावी_पेठ: वाचनकट्ट्यावर समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबींवर वीस मिनिटं बोलायचंय. इतिहासकार दामोदर कोसंबींची मुलगी, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंदांची नात, स्टॉकहोमची पीएचडी, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या संचालक, एवढं ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई, लेखिका काशीबाई कानिटकर, तिघींवर त्यांनी लिहिलंय. ६०० रुपयांत एकच बसेल. इंग्रजी चालेल.

शेंगाचटणी: डोळे झाकून 'आनंदी गोपाळ' घ्या. आईने तीनदा वाचलीय.

पार्क_चौक: ओ, ती श्री. ज. जोशींची कादंबरी! विचारलंय काय, सांगायलाव काय.

शेंगाचटणी: असू दे की. आनंदीबाईच आहेत ना त्यात?

निवृत्त_मास्तर: तीन घ्या. रमाबाईंचं निवडक लेखन (२०००), त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनाचा अनुवाद (२००३), 'क्रॉसिंग थ्रेशोल्ड्स' (२००७). मी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन तिन्ही आणली. पुस्तकाला हात आखडू नये.

बाळीवेस: ऑनलाइन मागवू नका. माझ्या प्रतीत सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब. बघेपर्यंत परतीची मुदत संपली.

जोडभावी_पेठ: मास्तर, ६०० म्हटलंय हो.

चाटी_गल्ली: मी असं भाषण केलंय. यादी वाचलीत तर लोक चहाकडे बघतात. काशीबाईंनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. पुढे खूप वर्षांनी, २००८ ला, कोसंबींनी काशीबाईंवरच पुस्तक केलं. चरित्र लिहिणारीचीच दखल! तिथून सुरुवात करा. आनंदीबाईंची पत्रंही सोडू नका. आनंदीबाईंवरचं कोसंबींचं पुस्तक कोसंबींच्या पश्चात निघालं, त्यात पत्रं आहेत. आणि हो, आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, कोसंबी २६ फेब्रुवारी २०१५ ला.

पार्क_चौक: तारखेच्या योगायोगात वेळ घालवू नका.

निवृत्त_मास्तर: मी तेच म्हणत होतो, काशीबाईंवरचं घ्या.

बाळीवेस: घ्या, पण पानं मोजून घ्या.

जोडभावी_पेठ: आभार सगळ्यांचे. काहीच घेतलं नाही. काशीबाईंनी लिहिलेलं चरित्र वाचनालयात सापडलं. घरी देत नाहीत, रोज संध्याकाळी तासभर तिथेच बसतो. पान उलटलं की कडेचा भुगा मांडीवर पडतो. कोसंबींनी जे वाचलं ते आधी वाचतो, मग बघू. ६०० तसेच आहेत.

शेंगाचटणी: मग त्यात 'आनंदी गोपाळ' घ्या की.