डीव्हीडी-व्हीसीडीचा संग्रह: ब्लू-रे, फोर-के घ्यायचं की आहे ते सांभाळायचं?

रीळप्रेमी (धागाकर्ता)

ओळखीतल्या बऱ्याच जणांना सध्या एकच प्रश्न पडलाय. कपाटात व्हीसीडी-डीव्हीडी भरून आहेत, भिंतीवर नवा फोर-के टीव्ही लागलाय, आणि त्यावर जुनी डिस्क लावली की सगळं धुवट दिसतं. मग अख्खा संग्रह नव्याने घ्यायचा का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सरसकट घेऊ नका. एकेक चित्रपट बघून ठरवा, आणि ठरवताना डब्यावर काय छापलंय यापेक्षा आतली प्रत कशावरून तयार केलीय ते बघा.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी ७२० बाय ५७६, म्हणजे साधारण चौपट ठिपके. ब्लू-रे १९२० बाय १०८०, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट. फोर-के पुन्हा ब्लू-रेच्या चौपट. कागदावर सगळ्या उड्या सारख्याच मोठ्या वाटतात, पडद्यावर तसं घडत नाही. ३५ मिमी निगेटिव्ह नव्याने स्कॅन झालं असेल तर ब्लू-रेवर लुगड्याच्या काठाची वीण दिसते. पण टीव्हीसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरूनच (ज्यावरून पुढच्या प्रती निघतात ती प्रत) डिस्क काढली असेल, तर पैसे गेले म्हणून समजा. २००० नंतरच्या दशकात कितीतरी चित्रपटांचं शेवटचं काम टू-केमध्ये, म्हणजे साधारण ब्लू-रेइतक्याच ठिपक्यांत झालं. त्यांची फोर-के डिस्क म्हणजे बहुतेक वेळा तेच चित्र ताणून मोठं केलेलं. '२८ डेज लेटर' (२००२) तर बहुतांश कॅननच्या एक्सएल-१ या साध्या डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झालाय. त्यात जे टिपलंच गेलं नाही, ते कुठली डिस्क आणून दाखवणार?

याउलट सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबला आग लागली, त्यात मूळ निगेटिव्ह होरपळले. ऑस्करवाल्या अकॅडमीच्या संग्रहालयाने ते जळके तुकडे जपून ठेवले, इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्यांना ओलावा देऊन मऊ केलं, फिल्मच्या काठाचं एकेक छिद्र हाताने दुरुस्त केलं, आणि जिथे निगेटिव्ह उरलंच नव्हतं तिथे इतर प्रती वापरल्या. २०१५ साली क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने त्या फोर-के जीर्णोद्धारावरून ब्लू-रे काढली. ज्यांच्याकडे त्याची जुनी डीव्हीडी आहे त्यांनी ही घ्यायलाच हवी. माझ्या लेखी अपग्रेड म्हणजे हे.

आणखी एक. पैसे आणि वेळ मोजकाच असेल तर आधी व्हीसीडी वाचवा. डीव्हीडी अजून पाच वर्षं थांबेल, व्हीसीडीचा भरवसा नाही.

अमोल_एडिसन

असहमत. "एकेक बघून ठरवू" म्हणत बसाल तर घ्यायची वेळ येईल तेव्हा बाजारात काही उरलेलं नसेल.

इथे न्यू जर्सीत मी ते डोळ्यांनी बघतोय. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणं बंद केलं. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर थांबवले, २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेतल्या प्लेयरमधून अंग काढून घेतलं, २०२४ च्या अखेरीस एलजीचीही तशीच बातमी आली. फोर-के डिस्क छोट्या छोट्या आवृत्त्यांत निघतात आणि संपल्या की दुप्पट भावाने घ्याव्या लागतात. ज्यांना संग्रह करायचाय त्यांनी आत्ताच घ्यावं.

भारतातल्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल, याची 'प्रदेश' (रीजन) खूण असते. डीव्हीडीवर भारताचा प्रदेश ५, अमेरिकेचा १. ब्लू-रेवर भारत सी, अमेरिका ए. त्यामुळे इथून पाठवलेली डिस्क पुण्यातल्या प्लेयरवर अडते. फोर-के ब्लू-रेला प्रदेशाचं बंधनच नाही. मी आईबाबांना पाठवतो, ते लावतात आणि चालते. फक्त त्याच डब्यातली साधी ब्लू-रे अडू शकते, एवढं लक्षात ठेवा.

पेठेकर

अमोलराव, सगळे कारखाने बंद पडतायत म्हणून घाईने खरेदी करा, हा सल्ला मला उलटा वाटतो. प्लेयरच मिळेनासे झाले तर डिस्क कशावर लावायची?

हा खेळ आम्ही आधी पाहिलाय. १९७५ साली बीटामॅक्स आलं, पुढच्या वर्षी व्हीएचएस. बीटाचं चित्र जरा सरस होतं, पण पहिल्या कॅसेटवर तासाभराचंच चित्रण मावायचं आणि व्हीएचएसवर दोन तासांचं. सिनेमा बघणाऱ्याने काय निवडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग २००६ मध्ये एचडी-डीव्हीडी आणि ब्लू-रेची झुंज लागली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी-डीव्हीडीवाल्या तोशिबाने हात टेकले. दीड महिन्यात एक अख्खी पद्धत बुडाली. ज्यांनी शंभर-दोनशे एचडी-डीव्हीडी जमवल्या होत्या त्यांना कुणी एक पैसा परत दिला नाही.

आता पडद्याचं बोलू. आपल्याकडे मध्यम घरात टीव्ही ४३ इंची आणि सोफा दहा फुटांवर. त्या आकारावर ब्लू-रेचे ठिपके निरोगी डोळ्याला साडेपाच-सहा फुटांपलीकडून वेगळे दिसतच नाहीत. म्हणजे दहा फुटांवरून डीव्हीडी आणि ब्लू-रेतला फरक कळेल, हे मान्य. ब्लू-रे आणि फोर-केतला फरक कळणं शक्य नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्यासाठी पगारातले पैसे का घालायचे?

अमोल_एडिसन

ठिपक्यांचा हिशोब बरोबर आहे, पण फोर-के डिस्कचं मोल ठिपक्यांत नाहीच, रंगांत आहे. डीव्हीडी आणि ब्लू-रेत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, फोर-केत १०२४. संध्याकाळचं आकाश लावून बघा. जुन्या डिस्कवर पट्टे पडतात, फोर-केवर रंग सलग उतरत जातो. शिवाय एचडीआरमुळे (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला) कंदिलाची ज्योत आणि मागचा अंधार एकाच वेळी नीट दिसतात. हे दहा काय, पंधरा फुटांवरूनही कळतं.

एचडी-डीव्हीडीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तेव्हा एकमेकांशी न जुळणारी दोन यंत्रं होती. आजचा फोर-के प्लेयर ब्लू-रेही चालवतो आणि डीव्हीडीही. जुनं काही टाकावं लागत नाही.

पेठेकर

एचडीआरचं मास्टरिंग बहुधा हजार निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) धरून केलेलं असतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारे टीव्ही तीनशेच्या आसपास. त्या टीव्हीवर एचडीआर चित्र कित्येकदा साध्यापेक्षा काळवंडलेलं दिसतं आणि घरचे म्हणतात, "ब्राइटनेस वाढव." म्हणजे डिस्क, प्लेयर आणि वर टीव्हीही नवा. हा खर्च कुणी उघडपणे मांडत नाही.

कल्याणी_न

मी सगळी कपाटं रिकामी केली आणि मला काडीचाही पश्चात्ताप नाही. वन-रूम-किचनमध्ये माणसांना जागा हवी, डब्यांना नको. जे बघायचं ते ओटीटीवर आहे आणि तिथलं फोर-के माझ्या जुन्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी छान दिसतं. आणि बहुतेक चित्रपट आपण एकदाच बघतो, हे मान्य करायला काय हरकत आहे? दर पंधरा वर्षांनी तोच सिनेमा नव्या डब्यात विकायचा, यात कंपन्यांचं भलं आहे, आपलं नाही.

षड्ज

कल्याणीताई, जागेचा मुद्दा शंभर टक्के पटतो. पण "ओटीटीवर आहे" याचा अर्थ "आज आहे" एवढाच. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की तुम्ही पैसे भरून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस तुमच्या खात्यातून जाणार. भाड्याचे नव्हेत, विकत घेतलेले! लोक खवळले, करार पुन्हा झाला, आणि मुदत वाढली ती किमान ३० महिन्यांची. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला की नुसता परवाना देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' म्हणायचं नाही.

मी मात्र ब्लू-रेच्या बाजूने बोलतोय ते आवाजासाठी. इथे सगळे चित्रावरच भांडतायत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळवतात. म्हणजे चार टक्के वेग जास्त: १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. आवाज वेगळा सुधारून घेतला नसेल तर गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराला थोडी कमी, इतकी चढते. ज्याने ते गाणं रेडिओवर, तबकडीवर ऐकलंय, त्याच्या कानाला ते पहिल्या ओळीतच खुपतं. गायकाचा आवाज कोवळा वाटतो, ठेका घाईचा. पेटी घेऊन सोबत वाजवायला बसा, सूर कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही. ब्लू-रे २४ चौकटींनीच चालते, गाणं मूळ पट्टीत येतं. आपले चित्रपट गाण्यांसाठी पुन्हा पुन्हा बघितले जातात. मग ही सुधारणा किरकोळ कशी म्हणायची?

पेठेकर

षड्ज, हा मुद्दा मला माहीत नव्हता. पण आपल्याकडच्या पुष्कळ डीव्हीडी एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) पद्धतीच्या आहेत, त्यांना हे लागू नाही ना?

षड्ज

नाही, त्यांच्यात पट्टी बदलत नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरात पाल की एनटीएससी ते लिहिलेलं असतं. म्हणूनच रीळप्रेमी म्हणतात तसं एकेक डबा बघून ठरवायचं.

रीळप्रेमी

अमोल, तुमच्या "आत्ताच सगळं घ्या" ला आणखी एक उत्तर. नवीन आवृत्ती जुनीपेक्षा चांगलीच असते असं नाही. २०२४ मध्ये 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज' यांच्या फोर-के डिस्क आल्या. त्यात संगणकाकडून चित्र इतकं घासूनपुसून घेतलंय की फिल्मचा दाणा गेला आणि काही चेहरे मेणाचे दिसतात. बऱ्याच चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. दाणा हा दोष नव्हे. ते चित्र दाण्यांचंच बनलेलं असतं. तो पुसला की नटाच्या गालावरची रेषही पुसली जाते. अशा वेळी जुनी ब्लू-रे हातची जाऊ देऊ नका.

पण मला खरी कळकळ मराठी चित्रपटांची आहे. वरची सगळी चर्चा हॉलिवूडला लागू पडते. आपले बहुतेक चित्रपट ब्लू-रेवर आलेच नाहीत, फोर-के तर दूरच. ऐंशी-नव्वदच्या दशकांतलं कितीतरी काही घरात पोचलं ते व्हीसीडीवर. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा लोकांनी भाजीच्या पिशवीतून सिनेमे घरी नेले. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मूळ फिल्म सुरक्षित असतीलच असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूट) आवारात आग लागली आणि झटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला, हे पुणेकरांना आठवत असेल.

कल्याणी_न

पण ते जुने मराठी सिनेमे यूट्यूबवर आहेत की! कुणीही बघू शकतं.

रीळप्रेमी

पुष्कळ आहेत, आणि ज्यांनी टाकले त्यांचे आभारच. पण चौकोनी चित्र रुंद पडद्यावर बसवायला वरून-खालून कापलेलं, उभ्या माणसाचं कपाळ गायब, मधलं एखादं गाणं वगळलेलं, असंही पुष्कळदा असतं. त्यामुळे ३५२ बाय २८८ ची का होईना, पूर्ण प्रत माझ्याकडे असेल तर मी ती टाकून देणार नाही.

सड्यावरचा

रत्नागिरीहून लिहितोय. व्हीसीडी आधी वाचवा, याला माझं जोरदार अनुमोदन. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत व्हीएचएसच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट साफ न करता व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत वाचणारं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. नवा व्हीसीआर मिळणार नाही. शेवटची उत्पादक फुनाईने २०१६ मध्ये काम थांबवलं.

व्हीसीडीचं दुखणं वेगळं. तिचा चमकदार थर छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ वार्निशाच्या आड असतो. त्यामुळे खालच्या बाजूच्या चऱ्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, म्हणून ती जास्त सोसते. शिवाय जागा वाचवायला व्हीसीडीच्या चित्रात चूक सुधारणारी माहितीच कमी ठेवलेली असते, मग जरा चरा पडला की चौकोन उडतात. आणि बरेच ब्लू-रे प्लेयर व्हीसीडी घेतच नाहीत, म्हणजे नवं यंत्र आणून जुनं भंगारात दिलंत की त्या डिस्क मुक्या झाल्या.

काम अवघड नाही. यूएसबीने जोडायचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. व्हीसीडीला डीव्हीडीसारखं कॉपी रोखणारं कुलूप नसतं. आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट फाइल. ती हार्ड डिस्कवर उतरवा, व्हीएलसीवर थेट चालते. मध्येच वाचन अडलं तर डिस्क साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल फिरवून नको. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकाने नाकारलेली डिस्क दुसरा पुष्कळदा वाचतो. दोन किंवा तीन डिस्कचा चित्रपट असेल तर सगळे भाग एकाच फोल्डरात नावानिशी ठेवा, आणि एक प्रत वेगळ्या घरी.

अमोल_एडिसन

सड्यावरचा, हे फार उपयोगी. आईबाबांच्या घरी पेटीभर मराठी व्हीसीडी आहेत, डिसेंबरच्या फेरीत हेच काम काढतो. फोर-केबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. जे चांगलं निघालंय ते मिळतंय तोवर घ्या.

पेठेकर

घ्या, पण आधी टीव्ही किती निट्सचा आहे ते बघून. आणि सड्यावरचा, तीन डिस्कपैकी मधलीच अजिबात वाचली गेली नाही तर काय करायचं? माझ्याकडे अशा दोन आहेत.

सड्यावरचा

टाकू नका. दोन्ही चित्रपटांची नावं इथे लिहा. त्याच आवृत्तीचा संच आणखी कुणाकडे असेल, तर त्यांची मधली डिस्क चालते का ते विचारू.