माशाच्या पोटातलं प्लास्टिक: काळजी ताटाची की माशाची?

काठावरचा: माशात मायक्रोप्लास्टिक सापडल्याची बातमी आली की लोक लगेच मासे सोडायला निघतात. मला ही घाई पटत नाही. ५ मिलिमीटरहून बारीक असलेले हे कण माशाच्या मुख्यतः जठरात नि आतड्यात सापडतात, आणि ते आपण साफ करताना काढूनच टाकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली शिंपल्यांचा हिशेब मांडला होता: हात सैल सोडून धरलं तरी २२५ ग्रॅममागे ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक. जेवताना घरातल्या धुळीतून याहून जास्त धागे पोटात जात असतील.

गाळणी: काढून टाकतो हे मोठ्या माशाचं झालं. बोटाएवढी मासळी कित्येक जण अख्खी खातात, शिंपला तर पोटासकटच. आणि तुमच्या ७ मायक्रोग्रॅममध्ये नॅनोप्लास्टिक, म्हणजे याहूनही कितीतरी बारीक कण, कुठे आहेत? ते कण अन्नात मोजायची धड सोयच तेव्हा नव्हती. दिसलं नाही म्हणजे नाहीच, हे कुठलं शास्त्र?

काठावरचा: मग न मोजलेल्याची भीती घालायची? माशांची पिल्लं खाद्य सोडून प्लास्टिकच पसंत करतात, असा शोधनिबंध २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला, जगभर गाजला आणि २०१७ मध्ये मागे घ्यावा लागला.

भरतीओहोटी: एमएस्सीला मी हेच काम केलंय. आतडं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, मांस विरघळलं की गाळायचं आणि गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. शेजारी एक रिकामी काचेची बशी उघडी ठेवायची, हवेतून काय पडतं ते कळायला. पहिल्या आठवड्यात माशात चार धागे, रिकाम्या बशीत तीन! सरांनी काही न बोलता माझ्या पॉलिस्टरच्या जॅकेटकडे बोट दाखवलं. तेव्हापासून कुणी आकडा फेकला की मी आधी विचारते, रिकाम्या बशीत किती होते? पण एका जठरात निळा धागा होता, वेटोळं झालेला, टोकाला पिंजलेला. माझं जॅकेट करडं होतं.

गाळणी: तेच म्हणतोय मी. आपण ताटाचंच मोजत बसतो. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज पेटलं आणि प्लास्टिकचे दाणे टनांनी समुद्रात गेले. माशाच्या अंड्यांसारखे गोल, पांढरे. माशाला पोट साफ करून कोण देणार?

काठावरचा: माशाचं मान्य, तिथे वादच नाही. पण टायरची झीज, धुण्यातून सुटणारे धागे हे मासे न खाणाराही समुद्रात सोडतोच. खाणं सोडून त्यातलं काय थांबलं?

गाळणी: काही नाही. पण ताटापर्यंत आलं म्हणून निदान बातमी तरी झाली, नाहीतर विचारतो कोण?

काठावरचा: हं. @भरतीओहोटी, त्या निळ्या धाग्याचं पुढे काय झालं?

भरतीओहोटी: इन्फ्रारेड प्रकाशाने प्लास्टिकचा प्रकार ओळखणाऱ्या यंत्रावर तपासला. पॉलिप्रॉपिलीन निघालं. बोटी बांधायच्या दोरात असतं तेच.