जामीन मंजूर झाला, पण माणूस घरी कधी आला? अनुभव लिहा

शुक्रवारी दुपारी वकिलांचा फोन आला, "जामीन झाला." आईनं देवापुढे साखर ठेवली. भाऊ घरी आला मंगळवारी संध्याकाळी. आदेश होता 25,000 रुपयांचा जातमुचलका (आरोपीनं स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आम्ही पैसे काढून कोर्टात हजर! वकील म्हणाले, "पैसे नकोत, माणूस आणा." गुन्हा काय, चूक कुणाची, ते इथे नको. मधल्या दिवसांत तुमचं काय झालं, तेवढं लिहा.

बार्शीकर: जामीनदार सख्खा मामा. पण सातबारा सामाईक, सहा नावांचा. कोर्टानं घेतला नाही. मग तहसीलमधून ऐपतीचा दाखला: तलाठी, मंडळ अधिकारी, मध्ये दोन सुट्ट्या. नऊ दिवस गेले. नोकरदार जामीनदार असता तर पगारपत्रक आणि रेशनकार्डावर भागलं असतं, हे नंतर कळलं. अर्थात नोकरीवाले पाव्हणे त्या आठवड्यात फोन उचलत नाहीत.

परळची सून: वकिलांना पहिल्याच दिवशी कॅश बेल, म्हणजे जामीनदार मिळेपर्यंत रोख भरून सुटका, मागायला सांगा. आम्ही 15,000 भरले, जामीनदार आणायला चार आठवडे मिळाले. नवरा आधी बाहेर, धावपळ नंतर. पावती मात्र वकिलांच्या कारकुनाच्या नावावर फाटली होती. पैसे परत घेताना तो सापडेना, पाच महिने गेले. पावतीवर आपलंच नाव घाला.

आणि मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची जामीन पेटी! सुटकेचा आदेश वेळेत तिच्यात पडला नाही तर त्या दिवशी सुटका नाही. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो. 2021 मध्ये आर्यन खानचीसुद्धा एक रात्र अशीच वाढली होती, आणि त्याला तर जामीनदार जुही चावला होती. आपलं काय घेऊन बसलात!

काळा डगला: वकील आहे, म्हणून थोडं. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, तो पोलीस ठाण्यातही मिळतो. आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला निर्धन धरून नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 मध्ये आहे. बाकी गुन्ह्यांत, जामीन होऊन महिनाभरात हमी देता आली नाही तर अट सैल करायची का, हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. सुप्रीम कोर्टाचा 31 जानेवारी 2023 चा आदेश दाखवा. परजिल्ह्यातला जामीनदार नाकारला तर 1978 चा मोतीराम खटला काढा. मोतीराम गवंडी होता, त्याचा भाऊ जामीनदार म्हणून याच कारणानं नाकारला होता. आवारात 'तयार जामीनदार' विकणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. रेशनकार्ड बनावट निघालं की दुसरा गुन्हा तुमच्याच घरावर.

सॅन होजेवाला: इथे कॅलिफोर्नियात जामिनाचे दलाल रीतसर परवानाधारक असतात. साधारण दहा टक्के रक्कम घेऊन हमी देतात. शेजाऱ्याच्या मुलासाठी ती भरताना पाहिली. खटला सुटला तरी ती परत येत नाही.

सिडकोतली: माझे बाबा भाडेकरूला जामीन राहिले. तो तारखांना जायचाच बंद झाला. एक दिवस नोटीस बाबांच्या नावावर: रक्कम का वसूल करू नये? बाबांनी खुलासा दिला, गयावया केली, तेव्हा निम्म्यावर सुटले. दोन वर्षं आई त्यांना वाणसामानाच्या यादीतसुद्धा टोमणा मारायची. काळा डगला, आधीच नाव काढून घेता येतं का हो?

काळा डगला: येतं, ताई. त्याच कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट आरोपीला बोलावून नवा जामीनदार द्यायला सांगतं, तो दिला नाही तर त्याला परत आत पाठवू शकतं. फक्त अर्ज तो पळायच्या आधी करायचा.