मनी प्लांटची कुंडी बदलताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्या मनी प्लांटची कुंडी चार वर्षांनी बदलली आणि आत काय दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन-तीन महिने नवं पान येत नव्हतं, आलंच तर बोटभर. पाणी घातलं की लगेच खालच्या ताटलीत. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून वरून शेणखत घालत राहिले.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर कुंडी आडवी करून थापट्या मारल्या. निघेना. कडेने जुनी सुरी फिरवली तेव्हा सुटली, आणि हातात आली ती मुळांची चुंबळ! कुंडीच्या आकाराने गोल गोल गुंडाळलेली मुळं, माती जेमतेम मूठभर. पाणी थांबणार कशात? बिचारं झाड इतके दिवस कसं तगलं कोण जाणे.

गोळा अर्धा तास बादलीत बुडवला, बोटांनी हळूहळू सोडवला, बुडाशी गच्च गाठी झालेली मुळं कात्रीने कापली. आठ इंचीतून दहा इंची कुंडी. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. आठवडाभर पानं मलूल होती, मी रोज सकाळी उठून आधी तिकडे. आज दीड महिन्याने पाच नवी पानं आहेत.

तुम्ही कधी बदलली, काय चुकलं, काय जमलं? सविस्तर लिहा. (पुणे)

*

माझं नेमकं उलट झालं. सारखं बदलायला नको म्हणून सहा इंचीतून थेट चौदा इंची कुंडीत लावलं. मुळं एवढीशी, माती घमेलंभर, त्यात भर पावसाळा. वरून कोरडी दिसायची, आत चिखल. पानं पिवळी पडायला लागली तर मला वाटलं तहान लागलीय, अजून पाणी घातलं. शेवटी कुंडीला कुजका वास यायला लागला. उपसून पाहिलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरलं की साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहायचा. मूळ रोप गेलं. वरच्या तीन वेली निरोगी होत्या, त्या पेराखाली, म्हणजे पान फुटतं त्या गाठीखाली, कापून पाण्यात ठेवल्या, त्यातूनच आजचं झाड आहे. कुंडी एक-दोन इंचच मोठी घ्या, हे मी भेटेल त्याला सांगते. आणि बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालत नाही. (डोंबिवली)

*

वेल पेराखाली कापायचा मुद्दा फार महत्त्वाचा. देठासकट नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतात, पण वेल कधीच येत नाही. मी सात महिने वाट पाहिली होती. डोळा असलेलं पेर हवंच.

बाटलीतली वेल मातीत लावतानाही सांभाळा. पाण्यातली मुळं सतत ओलाव्यात वाढलेली असतात. पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवली, मग हळूहळू पाणी कमी केलं, तेव्हा जमलं. आणि आमच्याकडे मे महिन्यात हा उद्योग करूच नका. (नागपूर)

*

आमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी आईने कंटाळून कुंडीतला मनी प्लांट आंब्याच्या बुंध्याशी लावला. आता पानं सुपाएवढी झालीत, कडेने फाटलेली. पाहुणे विचारतात, ही कसली वेल? सांगितलं तर विश्वास बसत नाही. या वेलीला वर चढायला मिळालं की पान मोठं होतं, खाली लोंबत ठेवली की लहान राहतं. म्हणून कुंडी बदलतानाच मधोमध काथ्या गुंडाळलेली काठी रोवून घ्या, नंतर खुपसली की मुळं तुटतात. आंब्याला मात्र ओझं होतं, दरवर्षी कोयता चालवावा लागतो. छाटलेल्या वेली रानात किंवा ओढ्याकाठी टाकू नका. ही मूळची पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरची, आपल्या रानातली नव्हे, आणि पेर मातीला टेकलं की रुजते. (कुडाळ)

*

इथे थंडीत झाड जवळजवळ झोपलेलं असतं, त्यामुळे मी एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलते. एक कळकळीची सूचना, घरात मांजर-कुत्रं असेल तर हे काम दार लावून करा. मी मुळं धूत असताना कापलेल्या वेली जमिनीवर पडल्या होत्या, आमच्या मांजरीने त्यातलं एक पान चावलं. तोंडातून लाळेच्या तारा, पंज्याने सारखं तोंड घासत होती. मी इतकी घाबरले की हात तसेच मातीचे घेऊन डॉक्टरांकडे पळाले. संध्याकाळपर्यंत ती सावरली. मनी प्लांट अळू-सुरणाच्या कुळातला, कच्च्या अळूने घसा खाजवतो तोच प्रकार, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. त्या दिवशी माझेही हात खाजत होते, आता हातमोजे घालते. (न्यू जर्सी)

*

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी! कुडाळचं वाचून काठी आणायला निघाले होते, पण आत्ताच कुठे सावरलेली मुळं पुन्हा दुखवायची नाहीत. म्हणून वेल ग्रीलवर चढवून सुतळीने सैल बांधली. कापलेल्या तुकड्यांतले दोन पेरासकट बरणीत ठेवलेत, एकाला काल पांढरं टोक दिसलं. (पुणे)