विषय: उत्तरायणाला मुलं येताहेत, त्यांना काय काम देऊ?

नमस्कार मंडळी,

८ जानेवारीला आम्ही बडोद्याला पोचतोय, दोन आठवडे दांडिया बाजारात आईकडे. थोरला ११ वर्षांचा, धाकटी ८ची. इथे मेलबर्नमध्ये त्यांना सगळं न मागता मिळतं आणि मिळाल्याचं काही वाटत नाही, याची मला काळजी वाटते. एखाद्या अनाथाश्रमात त्यांच्या हातून ब्लँकेटं आणि खाऊ वाटावा असं मनात आहे. कुणी जागा सुचवाल का?

— पूर्वीची दांडिया बाजारातली

—

अगं, येताय हे वाचून फार बरं वाटलं.

ब्लँकेटं जरूर द्या, पण तुम्ही मोठ्यांनी जाऊन द्या. मुलांना त्या रांगेसमोर उभं करू नकोस. शाळेत शिकवत होते तेव्हा मीही वर्ग घेऊन अशा वाटपाला गेले होते. परतताना बसमध्ये एक मुलगी म्हणाली, "बाई, ती माझ्याकडे बघतच नव्हती." पुन्हा कधी नेलं नाही.

त्यापेक्षा आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर मांजा गोळा करायला पाठव. १४ला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण, दोन दिवस मनसोक्त पतंग उडवू देत. १६ला सकाळी गच्ची, जिने, हाताला येणाऱ्या फांद्या, सगळीकडचे गुंते काढायचे. विजेच्या तारांवरच्या मांज्याला हात लावायचा नाही, हे दहादा सांगावं लागतं. हातात जाड मोजे हवेतच, मांज्याला काचेची पूड असते. गुंता तसाच टाकला तर पुन्हा पक्ष्यांच्या पायात अडकतो, म्हणून कात्रीने बोटभर तुकडे करून पिशवीत बांधायचे.

पिशवीवर चिठ्ठी लावायची. पहिल्या वर्षी आम्ही लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी कचरागाडीवरच्या बाईंनी चिरलेला तळहात दाखवला. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. संध्याकाळी मुलांनीच गुजरातीत चिठ्ठ्या लिहिल्या, आणि आता गाडी येईपर्यंत थांबून पिशव्या स्वतः बाईंच्या हातात देतात.

थोरल्याला आणखी एक काम. १० ते २० जानेवारी सरकारचं करुणा अभियान चालतं, जखमी पक्ष्यांसाठी उपचार केंद्रं उघडतात. पक्षी सापडला तर अंगात रुतलेला मांजा ओढायचा नाही, पाणी पाजायचं नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून, झाकून, केंद्रावर पोचवायचा. आणि सकाळी ९च्या आधी, संध्याकाळी ५ नंतर पतंग उडवायचा नाही, कारण पाखरं तेव्हा बाहेर पडतात, घरट्याकडे परततात. ५ला वारा ऐन रंगात असतो. तेव्हा फिरकी गुंडाळायला लावणं मला सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं. ब्लँकेट देताना मुलाचं स्वतःचं काहीच जात नाही. नायलॉनचा मांजा मात्र अजिबात घेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

दुपारी आमच्याकडे उंधियू-जिलबीला या, तिळगूळ आहेच.

— काकू, कारेलीबाग

—

काकू, मुलांना वाचून दाखवलं. ५च्या नियमावर थोरला भांडला, अजून पूर्ण पटलेलं नाही, पण मी मागे हटणार नाही. धाकटीने विचारलं, त्या बाईंचा हात बरा झाला का?

इथे बागकामाच्या दुकानात लहान हातांचे चामडी मोजे मिळतात. सोसायटीतली मुलं किती, ते कळवा. बाईंच्या हाताचं मापही विचारून ठेवाल का?