निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची गटविमा योजना : डोमिसिलियरीचा पर्याय

डोमिसिलियरीसह, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घरी घेतलेल्या औषधोपचारांच्या खर्चाच्या भरपाईसह, घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता बराच जास्त पडतो, म्हणून निवृत्तांनी तो पर्याय सरसकट सोडावा, हे काही जणांचे मत मला पटत नाही. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातील दहाव्या द्विपक्षीय वेतनकरारानंतर २०१५ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनची ही योजना आली तेव्हा अधिकाऱ्यांना चार लाखांचे आणि इतर कर्मचाऱ्यांना तीन लाखांचे संरक्षण ठरले. परंतु हप्ता निवृत्तांनी स्वतः भरायचा असल्यामुळे त्यांनी निर्णय घरातल्या औषधांच्या बिलांवरूनच घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

माझे वडील मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींसाठी रोज गोळ्या घेत. पहिल्या वर्षी आम्ही सर्व पावत्या जपून ठेवल्या, तरी काही रक्कम नाकारली गेली, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधे किती काळ घ्यायची हे लिहिलेले नव्हते आणि योजनेच्या अटींनुसार अशी चिठ्ठी नव्वद दिवसांपुरतीच ग्राह्य धरली जाते. त्यानंतर दर तपासणीला ‘सहा महिने चालू ठेवणे’ एवढे शब्द आम्ही आठवणीने लिहून घेऊ लागलो.