मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल जास्त झालंय, कसं काढू?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. बाबांची 2004 ची ऑटोमॅटिक सेदान आहे, लई जपलीय. मध्यंतरी सील गळत होतं म्हणून ते बदलून ऑइल भरून घेतलं, आणि तेव्हापासून चोर्ला घाटात चढाला इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी ओढत नाही, डी ला टाकलं की जरा थांबून धक्का देऊन उचलते.

काल सपाट जागेवर, गाडी चांगली गरम करून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवून पी ला आणली, मॅन्युअलमध्ये असंच दिलंय (होंडाच्या बऱ्याच गाड्यांना इंजिन बंद करून लगेच बघतात, ते वेगळं). गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची काडी पुसून परत घातली तर ऑइल हॉटच्या (गरम असतानाच्या पातळीच्या) वरच्या खुणेच्याही बोटभर वर, आणि बारीक बारीक फेस. रंग लालच आहे, जळका वास नाही.

मेकॅनिक म्हणतोय जास्त असलं तर काय बिघडत नाही. मला हे पटत नाही, ऑइल घुसळून हवा मिसळली की प्रेशर पडणार आणि गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरणारच की ओ.

काडीच्या नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजनं थोडं थोडं ओढू का ड्रेन प्लग खोलू? फेस आलेलं ऑइल बसल्यावर चालतं का सगळंच बदलायचं? आणि बेळगावच्या उद्यमबागेत ऑटोमॅटिकचं खरंच कळणारा कोण असेल तर सांगा, तोवर गाडी घाटात नेत नाही.